बलकाला दहापैकी किती?

आमच्या वडिलांनी एका अंड्याला नापास केलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

वडील म्हणजे रावजी गुरुजी. पेठ तालुक्यातल्या डोंगरी शाळांमध्ये सदतीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले, पण फक्त शाळेतून. मार्क देणं त्यांनी सोडलेलं नाही. इंदिरानगरला आमच्या रो-हाउसमध्ये राहायला आल्यापासून भाजीला सहा, पाहुण्यांना पाच, टीव्हीवरच्या चर्चेला उणे दोन, असा आमच्या घरात रोज निकाल लागतो. मला एकदा सात मिळाले होते. त्या दिवशी मी परगावी होतो.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचं जेवण फार कमी झालं. ताट समोर आलं की दोन घास खायचे आणि हात आखडता घ्यायचे. वजन उतरलं, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "ब्याऐंशी वय आहे. असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल. रोज दोन अंडी खायला घाला."

माझी बायको दीपमाला हिने दुसऱ्याच दिवशी दोन अंडी उकडली, अर्धी कापली, वर मीठ-मिरी भुरभुरवली आणि बाबांसमोर ठेवली. बाबांनी बशी नाकापर्यंत उचलून पाहिली.

"हे काय आहे?"

"अंडं, बाबा."

"ते कळलं. आत काय आहे?"

"बलक."

"याला बलक म्हणतात? आमच्याकडच्या कोंबडीचा बलक पाहिलास का कधी? पळस फुलल्यासारखा असायचा. हा बघ, चुन्यात बुडवून काढल्यासारखा. शून्य."

आणि बशी परत. तीन दिवस हेच. मी बाजारातून 'अस्सल गावरान' अशी पाटी लावलेली अंडी आणली. विकणाऱ्याने आईची शपथ घेतली होती. बाबांनी एक मार्क दिला, तोही माझ्या हेलपाट्याला. चौथ्या दिवशी ते कोट घालून, मांडीवर पिशवी घेऊन सोफ्यावर बसलेले दिसले.

"मी गावी जातो. तिथं निदान अंडं अंड्यासारखं असतं."

गावच्या घराला सहा वर्षं कुलूप आहे. दिवाळी झाली की अर्धं गाव द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतं. पाण्याचा तांब्या भरून द्यायला कोणी नसतं. पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. सदतीस वर्षं ज्यांनी वर्गात कोणाचं ऐकून घेतलं नाही, ते माझं काय ऐकणार? मी तर त्याच वर्गात शिकलो.

"बाबा, पंधरा दिवस द्या," मी म्हणालो. "पळसासारखा बलक मी इथे, या घरात काढून दाखवतो."

हे वाक्य मी का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं मी भांडार विभागात काढली. नट, बोल्ट, बेअरिंग, पट्टे. ज्याने हजारो वस्तू बिनचूक सांभाळल्या त्याला चार कोंबड्या काय जड, असा माझा हिशेब. नट-बोल्ट रुसत नाहीत, हा मुद्दा लक्षात आला नाही.

बाबांचा जुना विद्यार्थी गेणू पेठकडून मोटरसायकलवर डालगं बांधून चार कोंबड्या घेऊन आला. तीन तांबड्या, एक काळी. त्याने गुरुजींच्या पाया पडून घेतलं, चहा घेतला आणि परसात येऊन उभा राहिला. आमचं परस म्हणजे बारा फूट बाय दहा फूट, सगळी शहाबादी फरशी. दरवर्षी औषध फवारून घेतो, त्यामुळे मुंगीसुद्धा आमच्याकडे परवानगी काढून येते.

"सायब, हिथं गवत कुठं हाय?" गेणूने विचारलं.

"गवत नाही. पण स्वच्छता आहे."

"कोंबडीला सोच्छता काय करायची?" तो खरोखर काळजीने म्हणाला. "गवत टिपंल, किडं खाईल, तवा बलक लाल व्हतो. हिरवं घाला जरा, मका घाला. आन एक सांगतो, लय लाड करू नका. खाऊ म्हंजी खाऊ. मूठभर. जेवान दाण्याचंच पायजे."

मी मान हलवली. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला मान कशी हलवायची ते चांगलं कळतं.

पंधरा दिवस कोंबड्यांनी एकही अंडं घातलं नाही. त्यांना जागा बदलल्याचा धक्का बसला होता म्हणे. इकडे बाबा रोज पिशवी तपासून परत ठेवत होते. अखेर सोळाव्या दिवशी काळीने एक अंडं घातलं आणि अख्ख्या गल्लीला ओरडून कळवलं. मी ते स्वतः उकडलं, स्वतः कापलं. बलक फिकट पिवळा. जुन्या वहीच्या पानासारखा. अर्थात! मी त्यांना शिळा भात, पोळीचा चुरा आणि उरलेले पोहे घालत होतो. पांढरं खाल्लं की पांढरं येणार, हे तिसरीच्या मुलाला कळलं असतं.

"दोन," बाबा म्हणाले. "त्यात एक ग्रेसचा."

पण त्यांनी पिशवी खोलीत नेऊन ठेवली. आशा होती.

आता सल्ले सुरू झाले. आमच्या भिंतीपलीकडे वत्सलाबाई राहतात. त्यांनी आयुष्यात कोंबडी पाळलेली नाही आणि अंडं त्या खात नाहीत, त्यामुळे त्यांचं मत अगदी निःपक्षपाती असतं. त्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "दिनेशभाऊ, बीट घाला. माणसाचं रक्त वाढतं, तर बलकाला रंग नाही का चढणार?"

तर्क बिनतोड होता. मी किसलेलं बीट घातलं. कोंबड्यांनी ते असं खाल्लं की जणू जन्मभर त्याचीच वाट पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात गेलो तर फरशीभर लाल डाग! मी काळीला पिशवीत घातलं, पिशवी छातीशी धरली आणि रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात पळालो.

खिडकीपलीकडच्या कारकुनाने छापील फॉर्म पुढे ओढला.

"जनावराचा प्रकार? गाय, म्हैस, शेळी?"

"कोंबडी."

"तो रकाना नाही. शेळीत लिहितो. दूध किती देते?"

"अहो, कोंबडी आहे ती!"

"रकाना रिकामा ठेवता येत नाही." त्याने 'शून्य लिटर' असं लिहिलं आणि सहानुभूतीने म्हणाला, "म्हणूनच आणली असेल."

डॉक्टरांनी काळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "बीट घातलंत का? तो रंग पोटातून जसाच्या तसा बाहेर येतो. बलकात उतरत नाही. बलकाला पिवळ्या-केशरी रंगाचं खाणं लागतं. झेंडूच्या पाकळ्या, पिवळा मका, पालक, लाल मिरची."

"मिरची? तिखट नाही लागणार?"

"पक्ष्यांना तिखट कळत नाही. तुमची कोंबडी ठणठणीत आहे. तुम्ही जरा आराम करा."

काळीच्या केसपेपरवर ती आजही दूध न देणारी शेळी आहे.

मग मी शास्त्रीय पद्धतीने कामाला लागलो. पंचवटीतल्या फुलबाजारातून झेंडू आणायचा, पाकळ्या सोडवून सावलीत वाळवायच्या, त्यात भरडलेला पिवळा मका, चिरलेला पालक, बियांसकट लाल मिरचीची पूड. घरभर लग्नघराचा वास. दीपमाला कामावरून आली की दारातच विचारायची, "आज कोणाचं लग्न?" कोंबड्यांची चंगळ झाली. इतकी, की त्यांनी साधा दाणा खाणं बंद केलं. मी बाजरी टाकली की चौघी एका पायावर उभ्या राहून माझ्याकडे बघायच्या, जशी काही मी लग्नाच्या पंगतीत खिचडी वाढली. अंडी निम्म्यावर आली. गेणूला फोन केला.

"लाड केलं ना सायब?" तो एवढंच म्हणाला.

मी खाऊ कमी केला. कोंबड्यांनी दोन दिवस उपोषण केलं. घरात आता पाच जण जेवत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्या दाण्यावर आल्या आणि आठवड्याभराने जे अंडं निघालं त्याचं वर्णन मी नम्रपणे करू शकत नाही. केशरी! जर्द केशरी! दीपमालासुद्धा, जी माझं कौतुक फक्त चारचौघांत आणि नाइलाजाने करते, ती म्हणाली, "अगं बाई!"

मी बशी बाबांसमोर ठेवली आणि हात मागे बांधून उभा राहिलो. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. त्यांनी बशी उचलली, खिडकीकडे फिरवली, डोळे बारीक केले.

"दोन."

"बाबा! नीट बघा!"

"नीटच बघतोय. पांढराफटक आहे. पूर्वी तू गणितातसुद्धा असंच करायचास. उत्तर चुकलं की आवाज चढवायचास."

ते उठून खोलीत गेले आणि पिशवीत धोतर भरायला लागले. मी परसात जाऊन कोंबड्यांच्या शेजारी बसलो. खरं सांगतो, रडू आवरेना. अंड्यावरून नाही. त्यांच्या मनगटावरून. पिशवीची गाठ मारताना ते मनगट मला दिसलं होतं, काडीसारखं.

याच सुमारास सोसायटीची नोटीस आली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे संघर्ष नावाचा तिशीतला तरुण. आई-वडिलांनी मोठ्या विचाराने ठेवलेलं नाव, पण ते तो इतकं मनावर घेईल असं त्यांना वाटलं नसावं. नोटिशीत लिहिलं होतं की 'पाळीव प्राणी' या सदरात कुत्रा व मांजर येतात. कोंबडी 'इतर' मध्ये येते. 'इतर'साठी ना-हरकत पत्र लागतं, अर्जासोबत प्रत्येक प्राण्याचं नाव, वय आणि अलीकडचा फोटो जोडावा.

मी त्याला फोन केला. "संघर्ष, तिघी एकसारख्या तांबड्या आहेत. फोटोवरून तुला काय कळणार?"

"काका, मला नाही कळलं तरी चालेल. फाइलला कळलं पाहिजे."

मी फोटो काढले. काळी हलली, तिचा अर्ज 'अस्पष्ट' म्हणून परत आला. शेवटी दीपमालाने मार्ग काढला. "त्याला रविवारी नाश्त्याला बोलवा. समोर बसून सही घेऊ. घरची अंडी खाल्ली की विरघळेल."

रविवार बारा दिवसांवर होता. म्हणून रोजची दोन-तीन अंडी मी फ्रिजमध्ये साठवायला लागलो. आणि इथेच माझा जुना सहकारी भिकन याला मी कशाला फोन केला कुणास ठाऊक. त्याच्याकडे तीन म्हशी आहेत, त्यामुळे आहार या विषयात तो स्वतःला तज्ज्ञ समजतो.

"फुलं कसली घालतोस? देव आहेत का त्या?" तो म्हणाला. "सरकी पेंड घाल. माझ्या म्हशीच्या सायीचा रंग बघ."

सरकी पेंड म्हणजे कापसाच्या बियांचं तेल काढून उरलेला चोथा. म्हशींना चालतो. केशरी बलकाला दोन मार्क मिळालेल्या माणसाला काहीही चालतं. मी गुपचूप घालायला लागलो.

रविवारी संघर्ष आला, फाइलसकट. वत्सलाबाई आल्या, निःपक्षपाती साक्षीदार म्हणून. बाबा टेबलाच्या टोकाला बसले होते, पिशवी खुर्चीच्या पायाशी. गेणू दुपारी गुरुजींना घेऊन गावी जाणार होता, त्यांनी परस्पर ठरवलं होतं. मी बारा अंडी उकडून, सोलून, मोठ्या ताटात आणली. पहिल्या अंड्यावर सुरी चालवली आणि दोन्ही अर्धे भाग उलगडले.

बलक हिरवट होता. हिरवट-खाकी. पोलिसाच्या जुन्या गणवेशासारखा.

मी दुसरं कापलं. खाकी. तिसरं, खाकी. मग मी कापतच सुटलो. एखादं तरी अंडं आपली लाज राखेल, या आशेने. ताटात चोवीस खाकी डोळे माझ्याकडे बघत होते.

संघर्षने खुर्ची मागे सरकवली. "काका, मला तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे..."

"बुरशी!" वत्सलाबाई किंचाळल्या. "मी बिटाचं सांगितलं होतं, हे मी नाही सांगितलं!"

या गोंधळात बाबांनी हात पुढे करून एक अर्धं अंडं उचललं. मी "नको, नको" म्हणत धावलो, पण त्यांनी ते डोळ्यांपुढे धरलं होतं. वर खाली फिरवलं. चेहऱ्यावर समाधान.

"आज सुधारणा आहे," ते म्हणाले. "जरा रंग दिसतोय. चार."

मी दीपमालाकडे पाहिलं. ती बाबांकडे पाहत होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबा, माझ्या अंगावरच्या साडीचा रंग कोणता?"

साडी पिवळीधमक होती.

"मातकट," बाबा म्हणाले, वर्गात सांगावं तसं ठासून. मग आमच्या गप्प बसण्यातून काहीतरी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी अंडं ताटात ठेवलं. चाचपडून ठेवलं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "माझी परीक्षा घेतेस?"

"नाही, बाबा."

"घेतेस. घे. मी नापास आहे." आवाज एकदम बारीक झाला. "दोन वर्षं झाली. पेपर नुसता धरून बसतो. ताटात सगळं एकाच रंगाचं दिसतं. भात कुठे संपतो, भाजी कुठे सुरू होते, कळत नाही. कसलं जेवायचं? गावाकडचं घर मला डोळे मिटून फिरता येतं. म्हणून जातो म्हणत होतो."

संघर्षने फाइल मिटली. वत्सलाबाईंनी खाकी अंड्यांचं ताट हळूच बाजूला सरकवलं. मी बाबांच्या खुर्चीजवळ गेलो आणि पायाशी असलेली पिशवी उचलून खोलीत नेऊन ठेवली. त्यांनी अडवलं नाही.

दुपारी गेणू आला आणि त्याने ताटातली खाकी अंडी पाहिली. "सरकी घातली ना? कोंबडीला सरकी घालत्यात व्हय? अंडं ठिवलं की बलक हिरवा पडतो." त्याने कपाळावर हात मारला आणि उरलेली पेंड मोटरसायकलला बांधून घेऊन गेला. गुरुजींना मात्र नेलं नाही. "डोळं करून घ्या गुर्जी, मग नेतो," म्हणाला. "तवर गावच्या वढ्यावरला पूल पण झाला आसंल." असला कुठलाही पूल होणार नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. "यांना पिवळं आणि पांढरं यातला फरक कळणंच शक्य नाही. एखादी गडद वस्तू असेल तर थोडी उठून दिसेल."

गडद. म्हणजे खाकी. झेंडू सोडवून सोडवून माझी बोटं पिवळी झाली होती, आणि पास झाली ती भिकनची म्हशींची पेंड.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मधल्या काळात ना-हरकत पत्रही आलं. संघर्षने काळीच्या अस्पष्ट फोटोवर सही करून टाकली होती. खाली एकच अट टाइप केली होती: 'सदर अंडी सोसायटीच्या कोणत्याही कार्यक्रमात वाढू नयेत.'

बाबा घरी आले ते काळा चष्मा लावून, अगदी ऐटीत. कोंबड्या पुन्हा झेंडू-मक्यावर आल्या होत्या, मुठीच्या हिशेबाने. दीपमालाने अंडं उकडलं, कापलं आणि बशी ठेवली. मी पुन्हा हात मागे बांधून उभा. बाबांनी चष्मा काढला. बशी उचलली नाही. नुसते वाकून बघत राहिले.

मग त्यांनी अर्धं अंडं तोंडात टाकलं. मग दुसरं. बशी पुसली. "अजून एक आण गं," दीपमालाला म्हणाले. तिसऱ्या अंड्याबरोबर नागलीची भाकरी मागितली, भाकरीबरोबर ठेचा मागितला, आणि भात कुठे संपतो ते नीट बघत भातही जेवले. दीपमाला स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसून आली.

"बाबा," मी शेवटी धीर करून विचारलं, "किती?"

"बलकाला नऊ," बाबा म्हणाले. "पळसापेक्षा जरा भडक झालाय, म्हणून एक कापला."

माझी छाती फुगली. दवाखान्यातली शेळी, चोवीस खाकी डोळे, सगळं सगळं विसरलो. तेवढ्यात त्यांनी नव्या डोळ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दोन वर्षांनी मी त्यांना पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होतो. त्यांची नजर माझ्या नाकाखाली येऊन थांबली.

"दिनेश, ही मिशी तू काळी करतोस का रे?"

"थोडीशी..."

"शून्य," बाबा म्हणाले, आणि ताकाची वाटी पुढे ओढली.